आरशाची पाठ

१९ फेब्रुवारी १७८७ रोजी, लंडनच्या पश्चिमेकडल्या स्लाउ गावात, विल्यम हर्शल हातात नेत्रिका घेऊन ४० फूट लांबीच्या लोखंडी नळीत शिरला. नळीच्या तळाशी ४ फूट व्यासाचा आरसा होता, तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा. त्याचा प्रकाश नेमका कुठे एकवटतो ते हर्शलला आत शिरूनच शोधायचे होते. मृग नक्षत्रातला तेजोमेघ त्याला दिसला, पण मनाजोगा नाही. ओतकामात आरसा ठरवल्यापेक्षा पातळ निघाला होता आणि अर्ध्या टनाचा तो धातू स्वतःच्याच भाराने वाकत होता. हर्शलने दुसरा आरसा ओतवला. तो जवळजवळ दुप्पट जड झाला. १७८९च्या ऑगस्टमध्ये या दुर्बिणीतून शनीचा एन्सेलाडस हा उपग्रह दिसला, तोवर राजा तिसऱ्या जॉर्जचे ४००० पौंड त्या खटाटोपात खर्ची पडले होते.

दुर्बिणीच्या इतिहासात आरशाच्या चेहऱ्याचे कौतुक भरपूर झाले आहे. तो कुणी घासला, किती चकचकीत केला, त्यातून काय दिसले हे सगळे नोंदलेले आहे. आरशाला पाठही असते आणि ती कशावर तरी टेकवावी लागते, याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. खरे तर उत्तम घासलेला आरसा वाईट बसवला तर तो वाईट आरसाच होतो. ब्रिटनमध्ये या पाठीची काळजी वाहणाऱ्यांची अडीचशे वर्षांची परंपरा आहे. त्यात संगीतशिक्षक आहेत, दारू गाळणारा आहे, खेड्यातले पाद्री आहेत, शाळामास्तर आहेत. आज घरच्या घरी दुर्बीण बनवणारा माणूस आरशाच्या पाठीला सिलिकोनचे तीन ठिपके लावतो, तेव्हा तो याच परंपरेत उभा असतो.

आधी प्रश्न किती नाजूक आहे ते पाहू. १८७९ साली लॉर्ड रॅले याने एक मर्यादा घालून दिली: प्रतिमा शाबूत राहायची असेल, तर प्रकाशलहरींमधली चूक लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. आरशावर प्रकाश जातो आणि परत येतो, म्हणजे चूक दुप्पट होते. त्यामुळे पृष्ठभागाला मिळणारी सूट आणखी निम्मी, सुमारे ७० नॅनोमीटर. आठ इंचांचा आरसा पसरवून पुण्यापासून मुंबईपर्यंत नेला, तर त्या सगळ्या अंतरात जेमतेम पाच सेंटिमीटरचा चढउतार चालेल. असा पृष्ठभाग हाताने घासून तयार होतो ही मोठी गोष्ट आहेच. पण त्यानंतर मागचा एखादा स्क्रू अर्धा फेरा जास्त आवळला, की ती सारी मेहनत वाया जाते.

न्यूटनला ही अडचण आली नाही. १६६८ साली केंब्रिजला त्याने आरशाची पहिली दुर्बीण बनवली आणि १६७१च्या अखेरीस दुसरी रॉयल सोसायटीला दाखवायला पाठवली. त्याचा आरसा जेमतेम दोन इंचांचा, आपल्या भाराने वाकण्याइतका मोठाच नव्हता. मात्र एक पदार्थ त्याने या धंद्याला कायमचा दिला, तो म्हणजे पिच. डांबराच्या जातीचा हा काळा पदार्थ हातोडीने फुटतो, पण तसाच ठेवला तर हळूहळू ओघळतो. आरशाला झिलई देताना त्याचा थर हत्यारावर लावतात. दाबाखाली तो सरकत सरकत आरशाचा आकार घेतो. न्यूटनने ही रीत आपल्या ‘ऑप्टिक्स’ या १७०४च्या ग्रंथात सांगितली आणि ती आजही तशीच चालू आहे. पिच चिकटतेही घट्ट, म्हणून घासताना धरायची मूठ आरशाच्या पाठीवर पिचनेच डकवत. दुर्बिणीच्या आरशाला लागलेले पहिले चिकटद्रव्य हेच म्हणावे लागेल. फक्त ते कामापुरते असे, काम झाले की काढून टाकायचे.

हर्शल मूळचा हॅनोवरचा. बाथ शहरात तो ऑक्टागन चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवी, शिकवण्या करी आणि उरलेल्या वेळात आरसे घासी. १९, न्यू किंग स्ट्रीट या घरात त्याने तळघराशेजारी भट्टी लावली. १७८१च्या उन्हाळ्यात तीन फुटी आरशासाठी साचा करायचा ठरले. त्या साच्याच्या मातीत घोड्याची लीद मिसळायची होती. ती लीद खलात कुटून बारीक चाळणीने चाळायचे काम बहीण कॅरोलिनने केले, तासन् तास. ओतायच्या दिवशी भट्टीच गळली. वितळलेला धातू दगडी फरशीवर पसरला, फरशा तडतडून उडू लागल्या आणि हर्शल, त्याचा भाऊ व कामगार दोन्ही दारांनी बाहेर पळाले. त्याच वर्षी १३ मार्चला हर्शलला युरेनस सापडला होता, पण तो सहा इंचांहून किंचित मोठ्या आरशातून. लहान आरसा त्याला कधी दगा देत नव्हता. मोठा होताच त्याची पाठ बोलू लागली.

याचे गणित कठोर आहे. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर आरशाचा बाक सोळा पट वाढतो. हर्शलने शोधलेला उपाय, म्हणजे आरसा जाड करणे, एका मर्यादेपर्यंतच पुरतो. जाडीबरोबर वजन वाढते, आणि जाड आरसा रात्रीच्या हवेबरोबर थंड व्हायलाही फार वेळ घेतो.

खरा उपाय निघाला डब्लिनमध्ये. आयर्लंड तेव्हा युनायटेड किंग्डमचाच भाग होता. थॉमस ग्रब या यंत्रकाराने १८३५ साली आर्माच्या वेधशाळेसाठी १५ इंची दुर्बीण बनवली आणि तिच्या आरशाखाली तरफांची बैठक दिली. कल्पना अशी: आरसा तीन बिंदूंवर टेकवला तर तो डळमळत नाही, पण त्या तीन बिंदूंच्या मधे झोळतो. म्हणून प्रत्येक बिंदूच्या जागी एक छोटी तिकोनी पट्टी घ्यायची, जी आपल्या मध्यावर मोकळी झुलते. तिच्या तीन टोकांवर भार आपोआप सारखा वाटला जातो. तीनाचे नऊ झाले. त्या प्रत्येक टोकावर आणखी एक तिकोन दिला की सत्तावीस. कुठलाच बिंदू दुसऱ्यापेक्षा जास्त दाबू शकत नाही, कारण दाबू लागला तर तिकोन कलतो. शेतातल्या औताला एकाहून जास्त घोडे जुंपताना ओढ सारखी वाटून देणाऱ्या आडव्या दांड्या असत, त्यांच्यातलेच हे तत्त्व. साधे, स्वच्छ, आणि सगळ्या दुर्बिणशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक.

लॉर्ड रॉस या आयरिश सरदाराने ती उचलली. बिर कासलच्या आवारात पीटचे इंधन जाळून त्याने १८४२ साली सहा फुटी आरसा ओतला, कित्येक टनांचा, आणि तो तरफांच्या अशाच बैठकीवर ठेवला. पुढे टेकायचे बिंदू ८१ झाले. १८४५च्या वसंतात त्यातून एका तेजोमेघाचे भोवऱ्यासारखे वळण दिसले. दीर्घिकांच्या सर्पिल आकाराचे ते पहिले दर्शन.

लिव्हरपूलचा विल्यम लॅसेल बिअर गाळून श्रीमंत झालेला. तो रॉसचे यंत्र पाहून आला आणि वाफेचा हातोडा बनवणाऱ्या जेम्स नॅस्मिथच्या मदतीने त्याने आपले घासायचे यंत्र उभे केले. त्याच्या २४ इंची आरशाने १० ऑक्टोबर १८४६ला, म्हणजे नेपच्यून सापडल्यावर अवघ्या सतरा दिवसांनी, नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन शोधला. दुर्बीण कलली की आरशाच्या पाठीवरचा भार कमी होतो आणि कडेवरचा वाढतो. हे ध्यानात घेऊन लॅसेलने वजने लावलेल्या तरफा वापरल्या. दुर्बीण जितकी कलेल तितका त्यांचा जोर आपोआप बदलतो. मोठ्या वेधशाळा पुढे शंभर वर्षे हीच युक्ती वापरत राहिल्या.

ग्रबचा कारखाना १९२५ साली चार्ल्स पार्सन्सने विकत घेतला आणि न्यूकॅसलला आणला. वाफेची टर्बाइन शोधणारा हा पार्सन्स लॉर्ड रॉसचाच धाकटा मुलगा. १९८५ला बंद पडेपर्यंत ग्रब पार्सन्स कंपनीने जगभरच्या वेधशाळांना आरसे पुरवले. ला पाल्मा बेटावरचा ४.२ मीटरचा ‘विल्यम हर्शल’ आरसा तिच्या अखेरच्या कामांपैकी. मराठी वाचकाला ग्रब हे नाव परके नसावे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून वेधशाळा उभारली, तिथली २० इंची दुर्बीण ग्रबचीच. भारतातली त्या काळची सर्वांत मोठी. १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

मोठ्यांची गोष्ट इथवर. घरी दुर्बीण बनवणाऱ्यांची गोष्ट सुरू होते ती काचेपासून.

धातूचा आरसा जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश परत देई आणि इंग्लंडच्या दमट हवेत लवकर काळवंडे. काळवंडला की पुन्हा झिलई, आणि झिलई म्हणजे आकार पुन्हा नव्याने साधणे. १८५०च्या दशकात म्युनिकला श्टाइनहाइलने आणि पॅरिसला फूकोने काचेवर चांदीचा रासायनिक मुलामा चढवून दाखवला. आता मुलामा गेला तर तो धुऊन नवा द्यायचा. काचेचा आकार तसाच. इंग्लंडमध्ये ही विद्या हेरफर्डशरच्या खेड्यांत रुजली. स्ट्रेटन शुगवासचा पाद्री हेन्री कूपर की आणि हेरफर्डच्या ब्लू कोट शाळेचा मास्तर जॉर्ज विथ यांनी ती हातात घेतली. शाळा सांभाळून विथने सुमारे दोनशे आरसे घासले, आणि त्यांची कीर्ती अशी की ते आजही जपून वापरले जातात. वेल्सच्या सीमेवरच्या हार्डविक गावातला टी. डब्ल्यू. वेब, ज्याच्या पुस्तकाने ब्रिटिश हौशी निरीक्षकांच्या पिढ्या घडवल्या, तोही पाद्री आणि त्याच्याकडेही विथचाच आरसा.

विथचे आरसे लंडनचा जॉन ब्राउनिंग दुर्बिणीत बसवून विकत असे. त्याची रीत ग्रबच्या उलट होती. आरशाची पाठही अगदी सपाट घासायची, बैठकीचा तळही तसाच सपाट करायचा, आणि आरसा त्यावर नुसता ठेवायचा. सहा-आठ इंचांच्या जाड काचेला हे पुरते. इतरांनी पाठीशी फेल्ट किंवा फ्लॅनेलचे कापड घातले. कडेला तीन चिमटे, आरसा पुढे निसटू नये म्हणून. या चिमट्यांचा एक नियम घरोघरी ठाऊक होता: चिमटा आणि काच यांच्यामधून पातळ कागद सहज सरकला पाहिजे. सरकत नसेल तर आरसा चिमटला जातो आणि तारा गोल न दिसता तिकोनी दिसतो.

हे ज्ञान पसरले ते ‘इंग्लिश मेकॅनिक’ या साप्ताहिकातून. १८६५ला निघालेल्या या पत्रात कारागीर, कारकून आणि धर्मोपदेशक एकमेकांच्या शंकांना उत्तरे देत. १८९० साली ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन स्थापन झाली. आर्माच्या वेधशाळेचा संचालक झालेल्या रेव्हरंड विल्यम एलिसनने १९२० साली हौशी माणसाच्या दुर्बिणीवर पुस्तक लिहिले. अमेरिकेत या छंदाची जी लाट आली, तिला याही पुस्तकाने हात दिला. ब्लॅकबर्नच्या जे. एच. हिंडलने ग्रबची कल्पना लहान आरशांसाठी अठरा बिंदूंत बसवली आणि तिचे मोजमाप लिहून ठेवले, जेणेकरून ती घरच्या लेथवर करता यावी. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या जहाजांच्या गोल खिडक्यांची जाड काच स्वस्तात मिळू लागली. परसातल्या शेडमध्ये, रिकाम्या पिंपाभोवती फिरत, त्या खिडक्यांचे आरसे झाले.

याच सुमारास चिकटद्रव्ये बदलली. केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन याच्या एरो रिसर्च कंपनीत विमानांसाठी गोंद बनत होते. युद्धातले मॉस्किटो हे लाकडी विमान ज्या गोंदांनी जोडले गेले, त्यांत तिथला एरोलाइट होता. युद्ध संपल्यावर तिथून अ‍ॅरल्डाइट बाजारात आले. भारतातल्या घराघरांत, फुटलेल्या बरणीपासून चपलेपर्यंत, ते आजही ओळखीचे आहे. काच आणि धातू असे जोडणारा पदार्थ हाती आल्यावर आरसा बैठकीला सरळ डकवून टाकावा, चिमटेच नकोत, असे वाटणे स्वाभाविक होते.

ते चुकीचे होते, आणि का चुकीचे ते आकड्यांत दिसते. अ‍ॅरल्डाइट वाळल्यावर दगडासारखे होते. समजा, पायरेक्स काचेचा आरसा अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर तीन ठिकाणी डकवला आणि ठिपक्यांतले अंतर १० सेंटिमीटर आहे. खोलीत २० अंश तापमान आणि हिवाळ्याच्या रात्री बाहेर शून्य. अ‍ॅल्युमिनियम काचेच्या सुमारे सात पट आकसते. ठिपक्यांच्या मधे दोघांत चाळीस मायक्रॉनचा फरक पडतो. आरशाला मिळणारी सूट एका मायक्रॉनच्या चौदाव्या भागाइतकी. ताठ गोंद हा सगळा ताण काचेवर लादतो. शिवाय वाळताना तो किंचित आकसतो आणि पाठ ओढून धरतो.

हवा होता तो घट्ट पण सैल गोंद. तो ब्रिटनमध्येच, फार आधी सापडला होता आणि शोधणाऱ्याला नकोसा झाला होता. नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फ्रेडरिक किपिंग याने १८९९पासून जवळजवळ चार दशके सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांवर काम केले. त्याला हवे असत नीट स्फटिक. चंचुपात्राच्या तळाशी मात्र वारंवार चिकट गोळे उरत. त्याला ते निरुपयोगी डिंक वाटले. १९३६ साली रॉयल सोसायटीपुढच्या मानाच्या व्याख्यानात त्याने या शाखेतून लवकर काही मोठे निघेल अशी आशा दिसत नसल्याचे सांगितले. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत याच गोळ्यांपासून तेले, रबर आणि लुकण बनू लागले. १९४९ साली किपिंग वारला, तोवर त्यांचे कारखाने उभे राहिले होते. १९५०च्या दशकात वेल्समधल्या बॅरी बंदरापाशी सिलिकोनचे उत्पादन सुरू झाले. किपिंगच्या चार दशकांच्या चिकाटीला हा मान उशिरा मिळाला, पण पूर्ण मिळाला.

आज आरसा चिकटवायचा तो असा. न्हाणीघराच्या फटी बुजवायला मिळणारे सिलिकोन चालते, पण व्हिनेगरचा वास येणारे नव्हे. वाळताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते आणि ते आरशाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मुलाम्याला लागू शकते. आम्ल न सोडणारा प्रकार घ्यायचा. पाठ स्पिरिटने पुसायची. बैठकीवर दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीचे तीन ठिपके, मधे आगकाड्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या ठेवायच्या आणि आरसा अलगद टेकवायचा. काड्यांमुळे थर तीन ते सहा मिलिमीटर जाड राहतो. या जाडीतच सगळी युक्ती आहे: चाळीस मायक्रॉनचा फरक पाच मिलिमीटरच्या रबरात तिरका होऊन जिरतो, काचेपर्यंत पोचत नाही. सिलिकोन हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत वाळते, म्हणून काही दिवस हात लावायचा नाही. मग काड्या ओढून काढायच्या, नाहीतर आरसा काड्यांवरच टेकलेला राहतो.

ताकदीची चिंता फारशी नाही. आठ इंची, एक इंच जाड पायरेक्सचा आरसा पावणेदोन किलोच्या आसपास भरतो आणि नीट लागलेला एकच ठिपका त्याच्या कित्येक पट ओढ सोसतो. जास्त काळजी नळीच्या वरच्या टोकाला असलेल्या तिरप्या छोट्या आरशाची. त्याचे तोंड खाली असते, रात्रभर दव त्यावर साचते, आणि तो सुटला तर सरळ मोठ्या आरशावर पडतो. सावध माणसे त्याला पाठीमागून एक सैल दोराही बांधतात.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या कार्यशाळांत मुले आरसे घासतात, तेव्हा त्यांचे लक्ष साहजिकच झिलईकडे आणि तेज चढण्याकडे असते. बैठकीची वेळ शेवटी येते, आणि घाई तिथेच होते. ब्रिटिश हौशी मंडळींचा अनुभव इथे कामाला यावा. बारा इंचांच्या पुढे, विशेषतः पातळ काच असेल तर, तीन ठिपके पुरत नाहीत. ग्रबच्या नऊ किंवा अठरा बिंदूंकडे वळावेच लागते आणि गोंदाला फक्त आरसा जागेवर ठेवायचे काम उरते. चिलीत उभारल्या जात असलेल्या ३९ मीटरच्या युरोपीय दुर्बिणीत ७९८ षटकोनी तुकडे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक तुकडा झुलत्या तरफांच्या सत्तावीस बिंदूंवर टेकलेला आहे.

काही वर्षांनी मुलामा विटतो आणि आरसा काढावा लागतो. तेव्हा पियानोची तार किंवा मासे पकडायचा दोरा आरशामागे सरकवून ठिपके एकेक करून कापतात. उरलेले सिलिकोन पाठीवरून पूर्ण खरवडून काढायचे, कारण मुलाम्याच्या निर्वात पेटीत त्याची वाफ नको असते. परत आल्यावर ठिपके नवे घालायचे, काड्या नव्या ठेवायच्या. बरेच जण कडेचे तीन चिमटे तसेच राहू देतात, आरशापासून मिलिमीटरभर दूर, स्पर्श न करणारे.